स्वयंपाकघर शाळेत आणा

“दहावीतल्या पोराला आचाऱ्याच्या हाताखाली पाठवायचं असेल, तर आपण शाळा काढल्या कशाला?” पुण्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी मला हा प्रश्न रागाने विचारला. त्या रागामागे गरिबांची मुलं वर्गात टिकावीत म्हणून त्यांनी आयुष्यभर केलेली धडपड आहे. म्हणून त्यांना तोंडदेखलं उत्तर देऊन मोकळं होणं मला जमणार नाही.

निमित्त साधं होतं. मी राहते त्या तामिळनाडूतल्या पापनाशममध्ये शेजारचा एक मुलगा सरकारी शाळेत दहावीला आहे. त्याला शेफ व्हायचं आहे. शनिवार-रविवारी तो लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या तुकडीबरोबर जातो, भाज्या चिरतो, नारळ खवतो. मी त्याला शाबासकी दिली आणि हे काम शाळेतच शिकवलं गेलं पाहिजे असं एका ठिकाणी बोलले. त्यावर पुण्याहून पत्रातून हा प्रश्न आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: हे बालमजुरीचंच सभ्य रूप आहे, पोराने आधी शिकावं, पदवी घ्यावी, मग हवं तर पळी हातात घ्यावी, आणि तामिळनाडूनेच तर 1954 साली असला प्रकार हाणून पाडला, तिथे राहून तुम्ही तो परत आणायला कशा निघालात?

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तो सगळ्यांत वजनदार आहे आणि मराठी वाचकांशी त्याचा थेट संबंध आहे.

1953 साली मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी नवी योजना आणली. मुलांनी रोज तीन तास शाळेत बसायचं आणि उरलेला वेळ घरी आईवडिलांचा व्यवसाय शिकायचा. कुंभाराच्या मुलाने चाकावर, न्हाव्याच्या मुलाने वस्तऱ्यावर. पेरियार आणि द्रविड चळवळीने याला ‘कुलक्कल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव दिलं आणि रान उठवलं. सरकारने योजना तपासायला समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबईचे शिक्षणतज्ज्ञ रा. वि. परुळेकर. समितीने योजनेच्या बाजूने कौल दिला, पण लोकांनी तो मानला नाही. 1954 मध्ये राजाजी पायउतार झाले, कामराज मुख्यमंत्री झाले आणि योजना रद्द झाली.

कामराजांनी योग्य केलं. परुळेकरांसारखा प्राथमिक शिक्षणाचा गाढा अभ्यासक इथे चुकला, असंच माझं मत आहे. पण चूक कशात होती ते नीट पाहा. योजनेतला अन्याय हस्तकलेत नव्हता, ‘घरी’ या शब्दात होता. मूल कोणत्या घरात जन्मलं यावर ते काय शिकणार हे ठरत होतं. शाळेचा वेळ कापून तो जातीच्या हवाली केला जात होता. आता याच्याशेजारी वर्ध्याचा विचार ठेवा. ऑक्टोबर 1937 मध्ये तिथे भरलेल्या परिषदेतून ‘नई तालीम’ पुढे आली. तिथे हाताचं काम शाळेच्या आत आलं, शिक्षकाच्या देखरेखीखाली, सगळ्या मुलांना सारखं. एका योजनेने मुलाला कामासाठी शाळेबाहेर काढलं, दुसरीने कामालाच वर्गात आणलं. मी मागते आहे ते दुसरं. कुलक्कल्वीचा धाक दाखवून त्याला विरोध करणं म्हणजे विरुद्ध दिशेच्या दोन गाड्यांना एकच नंबर देणं आहे.

उलट मी असं म्हणेन की स्वयंपाकाच्या धंद्यात कुलक्कल्वी आजही बिनबोभाट चालू आहे, आणि ती चालू आहे याचं एक मोठं कारण शाळेने या धंद्याकडे फिरवलेली पाठ. देवळाच्या मडप्पळ्ळीत (स्वयंपाकघरात) कोण शिजवतो, लग्नाच्या पंगतीचा मुख्य आचारी कोण, भांडी कोण घासतं, हे बहुतेक ठिकाणी जन्माने ठरलेलं असतं. 2018 साली याच राज्यात, तिरुप्पूर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेत दलित स्वयंपाकीण नेमली म्हणून काही पालकांनी शाळा अडवली होती. महाराष्ट्राने नाक मुरडू नये. त्याच्या आदल्याच वर्षी पुण्यात एका सुशिक्षित बाईंनी सोवळ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या बाईने जात लपवली म्हणून पोलिसांत तक्रार दिली होती. ज्या विद्येचं प्रमाणपत्र नसतं, जिची परीक्षा नसते, जी फक्त काकाकडून पुतण्याकडे जाते, तिथे जातच प्रमाणपत्र होऊन बसते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्याला वसतिगृह काढून सगळ्या जातींची मुलं एका पंक्तीला बसवली. शंभर वर्षांनंतर त्याच मुलांची पुढची पिढी एका ओट्यापाशी उभी करायला आपल्याला का जड जावं?

आता बालमजुरीचा आक्षेप. इथे मुख्याध्यापकांच्या भीतीशी मी पूर्ण सहमत आहे. निष्कर्ष मात्र मला उलटा दिसतो.

कायदा काय म्हणतो? 2016 च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही व्यवसायात कामाला ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्या उद्योगाला हातभार लावण्याची सूट आहे. (हॉटेलं आणि ढाब्यांवर तर 2006 पासूनच बंदी होती.) चौदा ते अठरा या वयातल्यांना धोकादायक कामं सोडून काम करता येतं, पण अटी आहेत. सलग तीन तासांहून जास्त काम नाही, विश्रांती धरून दिवसाला एकूण सहा तासांहून जास्त नाही, ओव्हरटाइम नाही, आणि संध्याकाळी सातपासून सकाळी आठपर्यंत अजिबात काम नाही.

हे शेवटचं वाक्य पापनाशममध्ये वाचा. हा कावेरीचा भातपट्टा आहे. तंजावर आणि कुंभकोणमच्या मधलं हे गाव, जवळच्या तिरुप्पालैत्तुरैच्या देवळात नायकांच्या काळातलं तीन हजार कलम (इथलं धान्याचं माप) भात मावणारं विटांचं कोठार अजून उभं आहे. इथलं लग्न म्हणजे केळीच्या पानावरचं जेवण, आणि मुहूर्त पहाटेचा. न्याहारीच्या इडल्या सहाला पानावर पडायच्या तर चूल तीनला पेटते. म्हणजे ज्या वेळी खरा स्वयंपाक चालतो त्या वेळी सोळा वर्षांच्या मुलाने तिथे असणं कायद्यात बसत नाही. आणि बसूही नये. रात्री दोनला उठलेला मुलगा वर्गात झोपतो. शंभर माणसांच्या सांबाराचं उकळतं भांडं उचलायला लावलेला मुलगा भाजतो.

पण म्हणून काय करायचं? मुख्याध्यापक म्हणतात, बंदी घाला. बंदी आहेच की! तरी मुलं जातात. कारण त्यांना शिकायचं असतं आणि शिकण्याची दुसरी जागा नसते. गुरुवारी संध्याकाळी साडेचार ते साडेसहा, शाळेच्याच आवारात, गॅस बंद करण्याची कळ कुठे आहे हे पहिल्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंच्या समोर, जाड ॲप्रन बांधून तोच मुलगा उभा राहिला, तर आक्षेपातला प्रत्येक धोका कमी होतो. शाळेने नकार दिला म्हणून मूल चुलीपासून लांब राहत नाही. ते फक्त अशा चुलीपाशी जातं जिथे त्याच्या वयाची कुणाला पडलेली नाही.

मी एक गोष्ट जवळून पाहिली, ती सांगते. त्या मुलाला केळफुलं साफ करायला दिली होती. लालसर पाकळी उचलायची, खालची फुलांची फणी काढायची, आणि प्रत्येक फुलातून दोन गोष्टी खुडायच्या: मधली चिवट काडी आणि बुडाशी असलेला पारदर्शक पापुद्रा. दोन्ही शिजत नाहीत, दाताखाली येतात. आपल्या कोकणातही हेच करतात. त्याने फणीची टोकं तळहातावर अलगद घासली, फुलं उमलली, काड्या वर आल्या, आणि मग त्या एकेक न शोधता त्याने चिमटीत झपाझप ओढून काढल्या. चिरलेला भाग लगेच ताकात पडत होता. मी विचारलं, ताकात का? म्हणाला, “काळं पडतं अक्का, म्हणून.” काळं का पडतं? हसला. आचारी अण्णांनी सांगितलंय, एवढंच त्याला ठाऊक होतं.

चिरल्यावर भाजीतल्या घटकांचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, भाजीतलंच एक विकर तो घडवून आणतं आणि आंबटपणात ते मंदावतं. आम्लं आणि ऑक्सिडीकरण हे दोन्ही त्याच्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे. तो त्यात पास होतो, पण त्या धड्याचा आणि हातातल्या केळफुलाचा संबंध त्याला कुणी जोडून दिलेला नाही. इडलीचं पीठ मार्गळीच्या थंडीत उशिरा का फुगतं, शिजवलेला भात तासन्‌तास कोमट राहिला तर पंगत आजारी का पडते, किलोभर तांदळात आठ-दहा पानं होत असतील तर चारशे पानांना किती घ्यायचा आणि त्याला पाणी त्याच प्रमाणात का वाढवायचं नाही — हे रसायन, जीवशास्त्र आणि गणित आहे. “स्वयंपाक शिकायला शाळा कशाला, तो घरी येतोच” असं जे म्हणतात त्यांनी चार माणसांचा आणि चारशे माणसांचा स्वयंपाक यांत गल्लत केली आहे. पहिला सवयीने येतो. दुसरा शिकावा लागतो.

मराठी माणसाने तर हे म्हणूच नये. ज्या तंजावरवर भोसल्यांनी 1855 पर्यंत राज्य केलं, तिथे एकोजीराजांची राणी दीपाबाई हिच्या आश्रयाने रघुनाथ पंडिताने ‘भोजनकुतूहल’ लिहिलं. दुसऱ्या सरफोजीराजांच्या नावाचं ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत आहे आणि ते सरस्वती महाल ग्रंथालयाने छापलं आहे. ज्या राजाने वैद्यक, भूगोल, शिल्प यांची पुस्तकं जमवली, त्याच्याच दरबारात पाककृतीही लिहून ठेवण्याजोगी विद्या मानली गेली. त्या ग्रंथालयाची इमारत पापनाशमहून बसने तासाभरावर आहे. इतक्या जवळच्या विद्येला शाळेच्या वेळापत्रकात जागा नसावी, हे मला खटकतं.

आता ‘आधी पदवी’ या आग्रहाबद्दल. यात एक खरी गोष्ट आहे आणि ती मी मुख्याध्यापकांपेक्षाही ठासून सांगेन: कोणत्याही मुलाने स्वयंपाकासाठी शाळा सोडू नये. दहावीनंतर आयटीआयमध्ये एक वर्षाचा खाद्यपदार्थ उत्पादनाचा अभ्यासक्रम आहे, राज्याच्या आणि केंद्राच्या हॉटेल व्यवस्थापन संस्थांत दीड वर्षाचा कारागिरी अभ्यासक्रम आहे. ते वाईट नाहीत. पण पापनाशमच्या मुलासमोर दोन मोठी दारं आहेत आणि दोन्ही बारावीशिवाय उघडत नाहीत. एक तंजावर–तिरुच्ची रस्त्यावरच्या तुवाकुडीतली राज्य हॉटेल व्यवस्थापन संस्था, तिथली पदवी. दुसरं खुद्द तंजावरमधली राष्ट्रीय अन्नतंत्रज्ञान संस्था. 1967 साली तिरुवारूरच्या एका भातगिरणीत सुरू झालेलं हे संशोधन केंद्र, आता संसदेच्या 2021 च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था. तिथे बी.टेक.ला जायचं तर बारावीला भौतिक, रसायन, गणित हवं. दहावीतच शाळा सोडून आचाऱ्याबरोबर गेलेला मुलगा या दाराशी कधी पोचणारच नाही.

युरोपातल्या थोर आचाऱ्यांची उदाहरणं मला नेहमी ऐकवली जातात. एस्कॉफिए तेराव्या वर्षी काकाच्या उपाहारगृहात लागला, झाक पेपॅं तेराव्या वर्षी शाळा सोडून उमेदवारीला लागला. खरं आहे. पण पेपॅंची गोष्ट अर्धीच सांगतात. अमेरिकेत गेल्यावर दिवसा स्वयंपाकघरात राबत तो कोलंबिया विद्यापीठात शिकायला बसला, 1970 मध्ये पदवी आणि 1972 मध्ये फ्रेंच साहित्यात एम.ए. झाला. ज्याने शाळा सोडून सगळं मिळवलं, त्यालाही ती शाळा नंतर हवीशी वाटली. लहान वयात शाळा सोडलेल्या आणि मोऱ्या घासतच म्हातारे झालेल्या हजारोंची नावं कुणी लिहून ठेवलेली नाहीत. टीव्हीवरच्या स्पर्धा पाहून ‘टॅलेंट असेल तर शाळा कशाला’ म्हणणाऱ्यांना माझं हेच उत्तर आहे.

मात्र ‘शाळा सोडू नये’ यावरून ‘शाळेत असताना सुरुवात करू नये’ असं निघत नाही. इथे मुख्याध्यापक एक पायरी गाळतात. स्वित्झर्लंडमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी सुरू होणारी आचाऱ्याची उमेदवारी तीन वर्षांची असते. आठवड्यातले बहुतेक दिवस स्वयंपाकघरात, एखाद-दोन दिवस शाळेत. 1994 पासून तिथे व्यावसायिक मॅट्रिकची सोय झाली आणि उमेदवारी केलेल्या मुलाला उच्च शिक्षणाचं दार कायद्यानेच उघडं झालं. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या सरकारी शाळांमध्ये 1990 पासून स्वयंपाकाच्या करिअरचा असा एक कार्यक्रम चालू आहे आणि त्याचा रोख गरीब वस्त्यांतल्या मुलांवर आहे. लवकर सुरू करणं आणि पुढे शिकणं यांत भांडण नाही. ते भांडण आपल्या वेळापत्रकांनी लावलं आहे.

आणि आपल्याकडेही हे अगदीच परकं नाही. सीबीएसईच्या नववी-दहावीला आणि अकरावी-बारावीला खाद्यपदार्थ उत्पादन हा कौशल्य विषय आहे. तामिळनाडूत अकरावी-बारावीची व्यावसायिक शाखा 1978 पासून आहे आणि तिच्यात खाद्यसेवा व्यवस्थापनाचं पाठ्यपुस्तक आहे. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर व्यावसायिक अभ्यासक्रम ऐंशीच्या दशकाअखेरपासून आहेत. कागदावर सोय आहे. पण गावच्या शाळेत तो विषय घ्यायचा म्हटलं की शिक्षक नाही, ओटा नाही, सिलिंडर कुणाच्या नावावर घ्यायचा याचा पत्ता नाही. शिवाय या शाखेत ‘कच्ची’ मुलं ढकलली जातात, हुशार मुलाला त्यातून मुद्दाम बाहेर काढलं जातं. माझ्या शेजारच्या मुलाला गणितात चांगले गुण आहेत, म्हणून त्याच्या हितचिंतकांना तो ‘वाया चालला’ असं वाटतं. गणित येणारा आचारी ही त्यांच्या कल्पनेबाहेरची गोष्ट आहे.

एक खटकणारी गोष्ट मी मुख्याध्यापकांच्या पत्रात शोधली आणि ती तिथे नव्हती: मुली. त्यांचा सगळा कळवळा ‘पोरा’साठी आहे. याच गल्लीतल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुली रोज घरचा स्वयंपाक करून शाळेत येतात. त्याला कुणी बालमजुरी म्हणत नाही, करिअरही म्हणत नाही. लग्नाच्या तुकडीत कढईपाशी पुरुष असतात, भाजी निवडायला आणि भांड्यांना बायका. मजुरीतही तोच फरक. घरात जिचं कर्तव्य ती, बाजारात जिथे पैसा आहे तिथे मात्र पुरुष. शाळेने हा विषय मुलामुलींना एकत्र, एकाच परीक्षेने शिकवला, तर या व्यवस्थेला पहिला धक्का तिथेच बसेल. मुलांना कढईपासून दूर ठेवून हा प्रश्न सुटत नाही, कारण मुली त्या कढईपासून कधीच दूर नव्हत्या.

जागेचं रडगाणं मला पटत नाही. तामिळनाडूच्या शाळांत एम.जी.आर. यांनी 1982 साली सुरू केलेली सकस आहार योजना आहे, 2022 पासून प्राथमिक वर्गांना न्याहारीही मिळते. म्हणजे गावोगावच्या शाळांच्या आवारात चूल आधीच पेटते आहे. दुपारी दोननंतर ती खोली कुलूपबंद असते. मी हे म्हणत नाही की मुलांकडून ते जेवण शिजवून घ्या. तसं झालं तर ती खरोखरच फुकटची मजुरी होईल आणि त्या योजनेवर पोट असलेल्या बायकांच्या रोजगारावर घाला येईल. त्याला माझा सक्त विरोध राहील. पण त्याच खोलीशेजारी दोन ओटे, चार शेगड्या, एक वजनकाटा, एक थर्मामीटर आणि आठवड्यातून दोन दिवस येणारा अनुभवी आचारी, ज्याला मानधन मिळतं, एवढं कोणत्याही पंचायतीच्या आवाक्यातलं आहे. ज्या ‘अण्णां’कडून तो मुलगा केळफूल शिकला, त्यांच्याकडे पदवी नाही म्हणून शाळा त्यांना आत घेणार नसेल, तर चूक नियमाची आहे.

मुख्याध्यापक महोदय, तुम्ही मुलांना कामावरून ओढून वर्गात आणलंत, त्याचं मोल मी जाणते. आता त्या वर्गाला एक ओटा जोडून द्या, एवढीच विनंती आहे. आणि वाचकहो, तुमचं मूल ज्या शाळेत आहे तिच्या व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेत तीन प्रश्न लेखी विचारा: आमच्या शाळेत नववीपासून खाद्यपदार्थ उत्पादन हा विषय का नाही, तो सुरू करण्यासाठी मंडळाकडे अर्ज कधी करणार, आणि तो विषय घेणाऱ्या मुलाला बारावीचं विज्ञान आणि गणितही घेता येईल याची लेखी हमी कोण देणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत सभेतून उठू नका.